हळद येईपर्यंतची बाग

ऐश्वर्या लग्न होऊन कुरुंद्याला आली ती ऐन मे महिन्यात. जीपमधून उतरल्यावर बायका तिला दाराकडे नेत होत्या आणि ती मान वळवून वळवून अंगण बघत होती. बायका एकमेकींना म्हणाल्या, नवरी लाजून राहिली. ती लाजत नव्हती. ती मनातल्या मनात कोपऱ्यात मधुमालती लावत होती.

हिंगोलीत तिचं माहेर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. खिडकी उघडली की समोर एका लॉजची भिंत. तिथं तिनं कान तुटलेल्या मगात एक सदाफुली जगवली होती. ऊन मिळावं म्हणून रोज सकाळी तो मग गच्चीच्या जिन्यात न्यायचा आणि कुणाचा तरी पाय लागायच्या आत परत आणायचा. मोबाईलवर मात्र ती लोकांच्या बागा बघत बसायची. कुणाच्या बंगल्याभोवतीची हिरवळ, कुणाच्या गॅलरीतले वेल, कोणत्या महिन्यात काय लावलं म्हणजे वर्षभर फूल हटत नाही. बी.एस्सी.ची पुस्तकं पाठ झाली नाहीत तेवढं हे पाठ झालं होतं. आता समोर हे एवढं मोठं अंगण, आणि त्यात एक पान नाही.

अंगण सगळं सिमेंटच्या कोब्याचं होतं. सासरे भिवाजी यांनी तो मुद्दाम करून घेतलेला. शेतात हळद, आणि शिजवलेली हळद वाळवायला स्वच्छ, कडक जागा लागते. वर्षानुवर्षं हळद पडून कोबा असा पिवळट झाला होता की अनवाणी चाललं तर तळवे पिवळे व्हायचे. ऐश्वर्याला तो रंगही आवडला. त्या दिवसांत तिला सगळंच आवडत होतं. नवरा प्रेमानंद वसमतच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा, सकाळी जायचा आणि संध्याकाळी यायचा, आणि तोही तिला फार आवडत होता.

आठवडाभरात तिनं खडूनं अख्ख्या कोब्यावर बाग काढली. इथं उंच, इथं बुटकं, पश्चिमेला वेल, बसायच्या जागेशी वासाचं फूल. गल्लीतल्या पोरी आल्या आणि टिक्करबिल्ल्याची घरं समजून त्यावर लंगडी घालायला लागल्या. ऐश्वर्याही पदर खोचून दोन डाव खेळली.

सासू पद्माबाई शेतातून आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे काय मांडलं गं?"

"बाग हाय आत्या." सासूला ती आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा.

"कुठं हाय बाग?"

"ही काय. तुमी आता गुलाबावर उभ्या हाव."

पद्माबाईंनी खाली बघितलं आणि नकळत एक पाय उचलला. मग उचलला म्हणून त्यांना राग आला.

"आंगन हळदीचं हाय," त्या म्हणाल्या. "शिमगा झाला की हळद येते. मंग तुझा गुलाब कुठं जाईल?"

"उचलून ठेवीन."

"बाग कोणी उचलून ठेवते का?"

"कुंड्यांत लावली की उचलता येते."

पद्माबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. भिवाजी कमी बोलणारा माणूस. त्यांनी खडूच्या रेघा नीट बघितल्या, एका गोलाला वळसा घालून ते पाणी प्यायला गेले, आणि आतून म्हणाले, "शिमग्यापर्यंत आंगन कोणाच्या बापाचं न्हाई. करू दे पोरीला."

तेवढी परवानगी ऐश्वर्याला पुरली.

कुंड्या विकत आणायच्या नव्हत्या. घर रंगवताना उरलेले रंगाचे डबे होते, हॉटेलातले तेलाचे पत्र्याचे डबे होते. शेजारच्या भिंतीपलीकडे हाजराबी राहायच्या. त्यांचा मुलगा नासेर वेल्डिंगचं दुकान चालवायचा आणि त्याच्याकडे मोडीत आलेल्या कूलरच्या टाक्या होत्या. भिंतीवरून पहिली टाकी आली तेव्हा तिच्या आत एक फुटकी घागर होती आणि घागरीत हाजराबींच्या शेळीच्या लेंड्या भरलेल्या होत्या.

"खत हाय बेटा," हाजराबी पलीकडून म्हणाल्या. त्या बुटक्या होत्या, भिंतीवर फक्त त्यांचे हात दिसत होते. "और लागलं तर आवाज दे. शेळी काय थांबत न्हाई."

काळी माती डब्यात घातली की वाळून दगड व्हायची आणि भेगा पडायच्या. पहिली रोपं तशीच गेली. ऐश्वर्या हिरमुसली, पण अर्धा दिवसच. मग तिनं ओढ्याची वाळू मिसळली, लेंड्या मिसळल्या, आणि भिवाजींनी न सांगता शेतातून हळदीच्या वाळक्या पानांचा भारा आणून टाकला. त्या मिश्रणात गुलबक्षी अशी उठली की तिला आवरता येईना. पावसात तेरडा फुलला, गुलाबी आणि पांढरा. गोकर्णाचे वेल सुतळीवरून चढत स्लॅबला भिडले आणि दुपारनंतरचं ऊन दाराशीच अडलं.

त्या सावलीत एक दिवस पद्माबाई तूर निवडायला बसल्या.

"गार हाय म्हणून बसले," त्या म्हणाल्या. कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजच तिथं आणून टाकली.

दसऱ्याच्या सुमारास झेंडू आला, आणि आला म्हणजे काय, अंगणाला आग लागल्यासारखा आला. धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी विहारात हार न्यायचे होते. ऐश्वर्या आणि पद्माबाई सकाळपासून ओवत बसल्या. दोघींची बोटं केशरी झाली, आणि दोरा संपायचा तरी फुलं संपेनात, कारण ऐश्वर्या दर हारामागे एक हार सासूच्या गळ्यात घालून बघत होती.

"काढ गं. लोक काय म्हणतील."

"लोक आता कुठं हायत?"

पद्माबाईंनी हार काढला, पण जरा थांबून. विहारात बायकांनी विचारलं, एवढा झेंडू कुठून आणला. पद्माबाई म्हणाल्या, "आमच्या बागेतला हाय." ऐश्वर्या त्यांच्या मागंच उभी होती. तिनं खाली बघून ओठ घट्ट दाबून धरले, कारण विहारात मोठ्यानं हसणं बरं दिसलं नसतं.

थंडी पडली आणि भिवाजींना काहीतरी झालं. ते कळमनुरीच्या बाजाराला बैलासाठी दावं आणायला गेले, आणि दावं आणलं, पण त्याच्यासोबत उपरण्यात गुंडाळलेलं शेवंतीचं रोप पण आणलं.

"हे काय?" पद्माबाईंनी विचारलं.

"दाव्यासंगं भेटलं."

"दाव्यासंगं शेवंती देतात का आजकाल?"

"त्या दुकानदाराची पद्धत हाय."

पुढच्या खेपेला पत्र्याची बादली आणायला गेले आणि बादलीत पिटुनियाची रोपं निघाली. सेनगावला भाच्याच्या साखरपुड्याला गेले ते ओल्या फडक्यात गुलाबाची कलमं घेऊन आले. एका पाहुण्यानं जबरदस्तीनं दिली, नको म्हणावं तर मान राहत नाही. असे जबरदस्ती करणारे पाहुणे त्या हिवाळ्यात त्यांना फार भेटले. सकाळी चहाच्या आधी ते शेवंतीपुढं उकिडवे बसलेले दिसायचे. एकदा प्रेमानंदनं खिडकीतून बघितलं आणि बायकोला हलवून उठवलं.

"बाबा फुलाशी बोलून राहिले."

"मंग? बोलू दे."

"माझ्याशी एवढे कधी बोलले न्हाई ते."

"तू फुल तर," ऐश्वर्या म्हणाली, आणि दोघं उशीत तोंड खुपसून इतके हसले की पद्माबाईंनी बाहेरून विचारलं, ठीक हाय ना सगळं.

शिमगा झाला तेव्हा अंगणात चालायला वाट उरली नव्हती. पिवळी शेवंती ओसरत होती, गुलाब भरात होता, जांभळा पिटुनिया डब्यांवरून खाली लोंबत होता आणि ऐश्वर्यानं तो मुद्दाम पिवळ्याशेजारी ठेवला होता, म्हणजे दोन्ही उठून दिसतात. मोगऱ्याला छाटणी करून पाणी कमी केलं होतं. कुंड्या शंभराच्या वर गेल्या असाव्यात, कुणी मोजल्या नव्हत्या. आणि मग शेतात हळद शिजवायचा कुकर आला.

कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागं आणलेली वाफेची मोठी पिंपं. वाफेचा तो कडू-गोड वास गावात आला की घराघरांत अंगणं झाडायला लागतात. पद्माबाई शेतातून आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि बागेकडे बघून म्हणाल्या, "उद्या आंगन रिकामं लागल."

ऐश्वर्यानं मान हलवली. शब्द दिला होता, आणि तो पाळण्यात तिला काही वाटलं नाही. खरं तर हलवायची तिला उत्सुकताच होती, कारण नासेरनं तिच्यासाठी एक गाडा बनवला होता. मोडीतल्या पलंगाचा सांगाडा, त्याला खाली चार चाकं, वर लोखंडी जाळी. एका खेपेत वीसेक डबे जातील असा.

"भाभी, चाकं एक नंबर हाय," नासेर म्हणाला. "बेअरिंग नवीन टाकले. बोटानं ढकललं तरी चालते."

हे त्यानं कौतुकानं सांगितलं होतं, आणि ते अगदी खरं होतं.

सकाळी गल्लीतल्या बायका मदतीला आल्या. ठरलं असं की काही कुंड्या हाजराबींच्या अंगणात, काही विहाराच्या पायऱ्यांवर आणि काही गल्लीत खाली राहणाऱ्या जिवनबाईंच्या ओट्यावर, जागा मिळेल तशा. डोक्यावर डबे, कडेवर डबे, ओढणीत रोपं. नासेरची बायको महेजबीन दोन हातांत दोन गुलाब धरून चालली होती आणि काटे लागतात म्हणून हात लांब करून, जणू कुणाच्या तरी स्वागताला निघाली होती. कुणीतरी म्हणालं, ही तर वरात हाय. मग एकीनं लग्नातलं गाणं धरलं आणि दुसरीनं डब्यावर ताल धरला, आणि त्या डब्यातली माती तिच्याच पायावर सांडली.

पहिली खेप गाड्यावर भरली. भिवाजींनी स्वतः गुलाब आणि पिटुनिया मांडले. उंच मागं, बुटके पुढं, लोंबणारे कडेला. गाडा नुसता हलवायचा होता तरी ते बागेसारखाच मांडत होते. मग त्यांनी दोन पावलं मागं येऊन बघितलं आणि एक डबा जरा सरळ करायला बोट लावलं.

गाडा निघाला.

कुरुंद्यातली ती गल्ली विहाराकडे उतरती आहे. फार नाही, पण नव्या बेअरिंगला पुरेशी. गाडा फाटकातून सुंदरपणे वळला, जणू त्याला वाट माहीत होती, आणि गल्लीला लागला. भिवाजी मागं धावले. त्यांना कुणी तरुणपणी धावताना बघितलं असेल तर असेल, गेल्या कित्येक वर्षांत नाही. धोतर एका हातात, दुसरा हात पुढं केलेला, आणि "थांब, थांब" म्हणत होते. त्यांच्यामागं ऐश्वर्या, तिच्यामागं नासेर, त्याच्यामागं दोन गुलाब तसेच धरून महेजबीन. आणि सगळ्यांच्या पुढं, ऊन खात, डुलत डुलत, फुललेली अर्धी बाग.

एक कोंबडी बाजूला झाली. सायकलवरून येणारे जळबा नावाचे म्हातारे सायकलवरून उतरून भिंतीला चिकटून उभे राहिले, आणि बाग जाताना त्यांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

जिवनबाईंच्या दारापुढं बाजेवर कुरडया वाळत होत्या. गाडा तिथं जाऊन बाजेला टेकला, थोडा थरथरला आणि थांबला. एकही डबा पडला नाही. फक्त गुलाबांच्या पाकळ्या आणि पिटुनियाची थोडी फुलं उडून पांढऱ्या कुरडयांवर पसरली.

जिवनबाई बाहेर आल्या. गल्लीत त्यांच्या तोंडाला सगळे घाबरायचे. भिवाजी छातीवर हात ठेवून धापा टाकत होते. ऐश्वर्याला हसू आवरत नव्हतं आणि ते दिसू नये म्हणून तिनं पदर तोंडात धरला होता.

जिवनबाईंनी कुरडया बघितल्या, गाडा बघितला, भिवाजींना बघितलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "या वयात काहून धावून राहिले? फुलं पळून कुठं जातात?"

"हेच गेले ना," भिवाजी म्हणाले.

आधी महेजबीनला हसू फुटलं. मग ऐश्वर्या खाली बसली. मग गल्लीतला एकेक माणूस, कुणी भिंतीला धरून, कुणी शेजारच्याला धरून, हसायला लागला, आणि थांबले असं वाटलं की भिवाजी धोतर सारखं करायचे आणि पुन्हा सुरू व्हायचं. पद्माबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला धावताना बघितलं होतं. त्या डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "माझ्या लग्नात असे धावले असते तर."

जिवनबाईंनी दंड म्हणून पिटुनियाचे डबे ठेवून घेतले. कुरडया त्यांनी तशाच तळल्या.

संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर हळद पसरली. पुढं कितीतरी दिवस तिथं सोनंच सोनं होतं. ऐश्वर्याही सासूबरोबर फावड्यानं हळद पालथी करत होती, आणि मान वर करून शेजारी आणि गल्लीत बघत होती. हाजराबींच्या अंगणात मोगरा, जिवनबाईंच्या ओट्यावर पिटुनिया, विहाराच्या पायऱ्यांवर गुलाब, जळबांच्या खिडकीत सदाफुली. जागा अपुरी पडली म्हणून लोकांनी आपणहून नेलेल्या कुंड्या कुठं कुठं गेल्या होत्या, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मध्येच ईद आली. मोगऱ्याच्या पहिल्या कळ्या नेमक्या तेव्हाच उमलल्या. हाजराबींकडे नांदेडहून पाहुणे आले आणि दारातून आत येताना प्रत्येकजण थबकला, म्हणे घरात अत्तर कोणतं लावलं. हाजराबींनी पाहुण्यांना अंगण दाखवलं, कूलरच्या टाक्या दाखवल्या, शेळी पण दाखवली. ऐश्वर्या शिरखुर्मा प्यायला गेली तेव्हा त्या एका पाहुणीला सांगत होत्या, मोगऱ्याला सकाळी पाणी द्यायचं, दुपारी न्हाई, पानं जळतात. हे ऐश्वर्यानंच त्यांना सांगितलं होतं. तिनं निमूटपणे वाटी संपवली आणि दुसरी मागितली.

हळद वाळली, पॉलिश झाली, पोत्यांत भरून वसमतच्या बाजाराला गेली. अंगण झाडून झालं. ऐश्वर्या गाडा घेऊन निघाली. या वेळी गाड्याला दोर बांधला होता आणि दोराचं एक टोक प्रेमानंदच्या हातात होतं.

आधी हाजराबी.

"मोगरा न्यायला आले चाची."

"मोगरा तुझाच हाय बेटा," हाजराबी म्हणाल्या. त्या मोगऱ्यापुढं खुर्ची टाकून बसल्या होत्या. "लेकिन कळ्या तर माझ्या पाण्याच्या हाय ना? कळ्या सोडून झाड कसं नेशील? कळ्या संपू दे."

"कळ्या संपल्या की दुसऱ्या येतील."

"तेच तर."

मग जिवनबाई. त्या म्हणाल्या, दंड हा दंड असतो. विहारातल्या बायका म्हणाल्या, चौदा एप्रिल तोंडावर आली, आता पायऱ्या उघड्या करतेस का. जळबा म्हणाले, घरात मी एकटाच, सकाळी उठलं की कुणीतरी डोळे उघडून बघतं असं वाटतं, पण न्यायची तर ने. हे ऐकून ऐश्वर्यानं सदाफुलीला हात लावला नाही. महेजबीननं दोन्ही गुलाब लपवून ठेवले होते, आणि विचारलं तेव्हा म्हणाली, कोणते गुलाब?

गाडा रिकामाच परत आला. ऐश्वर्या अंगणाच्या मधोमध बसली. पिवळं, स्वच्छ, रिकामं अंगण. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर एकेक डबा हातानं भरला होता.

"मी आनते," पद्माबाई म्हणाल्या आणि तावातावानं बाहेर पडल्या. "लोकांना काही लाज हाय का न्हाई."

त्या खूप वेळानं आल्या. हात रिकामेच.

"काय झालं आत्या?"

"चहा झाला," पद्माबाई म्हणाल्या. "पाच ठिकाणी झाला. एवढा चहा पिऊन कोणाला बोलता येतं का?" त्या बाजेवर बसल्या. मग म्हणाल्या, "जिवनी त्या पिटुनियाला येड्यासारखं पानी घालून राहिली. मुळं सडतील. तिला सांगून आले, बोट घालून बघ, माती कोरडी लागली तरच घाल. आन् हाजराच्या मोगऱ्याला आणखी ऊन पायजे, टाकी भिंतीकडं सरकवली मी. आन् विहारातल्या गुलाबाचं वाळकं फूल कोणी खुडत न्हाई, ते खुडून आले."

ऐश्वर्या त्यांच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं आणि तोंडाला हसू फुटलं होतं.

"काहून बघून राहिली अशी?"

"काही न्हाई आत्या. तुमी बाग फिरून आल्या."

पद्माबाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी पदर सावरायचा म्हणून चेहरा वळवला, पण खांदे हलत होते.

चौदा एप्रिलला मिरवणूक गल्लीतून आली तेव्हा प्रत्येक ओट्यावर काहीतरी फुललेलं होतं. निळे झेंडे, निळी गोकर्णं, आणि त्यामध्ये लाल-पिवळं. बाहेरगावचे पाहुणे थांबून फोटो काढत होते आणि विचारत होते, ही सजावट कुणाची. प्रत्येक घर सांगत होतं, आमची. नाचताना ऐश्वर्या एका हाताला पद्माबाईंना ओढत होती आणि दुसऱ्या हाताला महेजबीनला, आणि ढोलाच्या तालात तिघी घामानं निथळत होत्या.

त्यानंतर उन्हाळा कडक झाला आणि ऐश्वर्याच्या दाराला उसंत राहिली नाही. पानं पिवळी पडून राहिली, बघ. मुंग्या लागल्या, काय करू. सावली कुठून आणू. ती सकाळी निघायची, गल्लीतल्या प्रत्येक घरी थांबायची. इथं जुन्या साडीचा आडोसा बांध, हे डबे एकमेकांना चिकटवून ठेव म्हणजे ओल टिकते, हे आता पावसापर्यंत झोपेल, त्याला छळू नका. चहा तिचाही व्हायचा.

पण घरचं अंगण रिकामंच होतं. नवीन डबे जमवायला हवे होते, आणि जमवले तरी पुढच्या शिमग्याला पुन्हा हेच. ती हे कुणाला बोलली नाही.

एका सकाळी ठणठण आवाजानं तिला जाग आली. ती बाहेर आली. भिवाजी भिंतीकडेला पहार घेऊन उभे होते आणि त्यांनी स्वतःच घातलेला कोबा ते फोडत होते. भिंतीलगत हातभर रुंदीची पट्टी फुटली होती आणि खाली काळी माती दिसत होती, कित्येक वर्षांनी उजेडात आलेली.

"मामा, हे काय?"

"हे उचलायचं न्हाई आता," भिवाजी म्हणाले. "मधी हळद. कडंनं बाग. इथं लिंबोनी बसल, तिथं पारिजातक. वेल मातीत लावला की वर्षानुवर्षं राहते." एवढं बोलून त्यांना दम लागला, पहारीपेक्षा बोलण्याचाच जास्त लागला असावा.

पद्माबाई मागून आल्या. कोबा फुटलेला बघून त्या काही म्हणतील म्हणून ऐश्वर्या फुटलेल्या पट्टीपुढं येऊन उभी राहिली. भिवाजींनीही पहार खाली टेकवली.

पद्माबाईंनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितली.

"एवढ्यात काय मावल?" त्या म्हणाल्या. "आणखी हातभर घ्या. माझा कढीपत्ता कुठं बसल? आन् मेंदी? हाजराला मेंदी पायजे, मी कबूल केलं तिला."

"हळदीला जागा कमी पडल," भिवाजी म्हणाले.

"थोडी गच्चीवर वाळवू."

भिवाजींनी बायकोकडे बघितलं, हातावर थुंकी घेतली आणि पहार उचलली. ऐश्वर्या अनवाणीच धावत गेली आणि फुटलेले तुकडे उचलायला लागली. आवाज ऐकून नासेर छिन्नी-हातोडा घेऊन आला. भिंतीवर हाजराबींचे हात दिसले, आणि मग, बहुतेक शेळीच्या गव्हाणीवर उभं राहून, पहिल्यांदा त्यांचा अख्खा चेहरा दिसला.

"मेंदी मेरी तरफ लावा," त्या म्हणाल्या. "फांदी इकडं आली पायजे."

"मधुमालती तिकडं जाईल," ऐश्वर्या म्हणाली.

"दोन्ही येऊ दे."

जिवनबाई विचारायला आल्या की एवढा आवाज कशाचा, आणि फावडं घेऊन परत आल्या. दुपारपर्यंत चर झाला, संध्याकाळपर्यंत त्यात हळदीची पानं, लेंडीखत आणि ओढ्याची वाळू पडली. सगळे मातीनं माखले होते. लिंबोणी कोपऱ्यात की फाटकाशी यावर भिवाजी आणि जिवनबाई यांचं जोरात चाललं होतं, पद्माबाई दोघांनाही चूक ठरवत होत्या, आणि ऐश्वर्या मातीत मांडी घालून हसत बसली होती, कारण तिला सगळ्याच जागा बरोबर वाटत होत्या.

प्रेमानंद वसमतहून आला. फाटकात त्यानं मोटरसायकल थांबवली. अंगणभर सिमेंटचे तुकडे, मातीचे ढीग, पाट्या, माणसं.

"गाडी कुठं लावू?" त्यानं विचारलं.

भिवाजींनी फक्त त्याच्या हातात फावडं दिलं.